बोट थांबते, गंज थांबत नाही

मे महिन्यात कोल्हापूर-गारगोटी रस्त्याने बिद्रीवरून जाताना दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्याचं धुराडं शांत दिसतं. गाळप संपलेलं असतं. पण कारखान्याच्या आत माणसं रिकामी बसलेली नसतात. ऑफ सीझन सुरू झाला की मिल उघडतात, रोलर बाहेर काढतात, पाइप, टाक्या, शिड्या, कठडे खरवडून त्यांना नवा रंग देतात. गावागावांत उसाच्या ट्रॉल्या वेल्डिंगच्या दुकानासमोर उभ्या राहतात. तुटलेलं सांधलं जातं आणि पुढचा हंगाम तोंडावर आला की त्या रंगून निघतात. लोखंड वापरल्याने जितकं झिजतं, त्याहून जास्त ते पडून राहिल्याने खराब होतं, हे या भागातल्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही.

तरीही एक वस्तू या शहाणपणातून निसटते, आणि ती म्हणजे पुराची बोट. वर्षातले दहा-अकरा महिने ती कुठल्या तरी शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून असते. मग एका रात्री काळम्मावाडी धरणातून दूधगंगेत विसर्ग वाढतो, तिकडे वेदगंगा पात्राबाहेर येते, शिवारातले रस्ते पाण्याखाली जातात आणि बोट बाहेर काढा म्हणून फोन फिरू लागतात. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी कोल्हापुरात पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेलं. तिथली इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, म्हणजे ते पाणी किती वर होतं याचा अंदाज यावा. शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. लष्कराच्या, नौदलाच्या, एनडीआरएफच्या आणि व्हाईट आर्मीसारख्या स्वयंसेवी पथकांच्या बोटी गल्ल्यांतून फिरल्या. त्या दिवसांत या जिल्ह्याने बोटीचं मोल पुरतं ओळखलं.

बोट म्हटलं की डोळ्यांसमोर तिचा तळ येतो, मशीन येतं, पाण्यात फिरणारा पंखा येतो. मशीन आणि बोट यांना एकमेकांशी धरून ठेवणारा धातूचा तुकडा मात्र सहसा कुणाला आठवत नाही. त्याला ब्रॅकेट म्हणतात. हा लेख त्या ब्रॅकेटबद्दल आणि त्याच्यावरच्या रंगाबद्दल आहे.

सगळा भार कुठे येतो

आपल्याकडे नदी ओलांडायला काहीलही वापरली गेली आहे. गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची ती रुंद, पसरट लोखंडी कढई पुराच्या पाण्यात होडी झालेली या भागाने पाहिली आहे. पण काहिलीला वल्हं मारावं लागतं, आणि पुराच्या ओढीपुढे वल्ह्याचा जोर थोड्याच वेळात संपतो. ओढीच्या विरुद्ध जायला मशीन लागतं. बोटीच्या मागच्या फळीवर बाहेरून अडकवायचं, हवं तेव्हा उचलून ठेवता येणारं इंजिन अमेरिकेत ओले एव्हिनरुड यांनी १९०९ मध्ये विक्रीला आणलं आणि लहान बोटींचं जगच बदललं. मालवण-रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या फायबरच्या होड्यांवर आणि पुरात फिरणाऱ्या रबरी बोटींवर आज दिसतं ते याच कुळातलं आउटबोर्ड मशीन.

२५ अश्वशक्तीचं असं मशीन साधारण ५० किलोच्या आसपास भरतं. म्हणजे सिमेंटचं एक पोतं बोटीच्या शेपटीला टांगून ठेवलं आहे असं समजा. पण ब्रॅकेटवर नुसतं वजनच येत नाही. मशीन टांगलेलं असतं वर, आणि पंखा पाणी मागे लोटतो खाली, दीड-दोन फुटांवर. पाणी मागे जातं आणि पंखा पुढे रेटला जातो. त्यामुळे मशीनचा खालचा भाग बोटीकडे दाबला जातो आणि वरचा भाग बोटीपासून सुटायला बघतो. पहार खाली टेकवून धोंडा उचकटावा, तसा हा प्रकार आहे. मशीन ब्रॅकेटच्या वरच्या बोल्टांना ओढतं आणि खालच्या कडेला चेपतं. लाट आली, वळण घेतलं, वेग कमी-जास्त केला, की दर वेळी ही ओढाताण बदलते.

पुराच्या पाण्यात आणखी एक संकट असतं. पाण्याखाली कुंपणाची तार असते, बाभळीचं खोड असतं, कृषी पंपाचा पाइप असतो. पुढे जाताना पंखा कशावर आदळला तर मशीन मागून वर उचललं जातं आणि धक्का थोडा वाचतो. रिव्हर्समध्ये मात्र लॉक लागलेलं असतं, त्यामुळे सगळा हिसका ब्रॅकेटवर येतो. अशा वेळी रंगाच्या पापुद्र्याखाली दडलेली एखादी भेग किंवा गंजून अर्धा झालेला बोल्ट दगा देऊ शकतो.

पडून राहिलेल्या लोखंडात काय चालतं

उसाच्या किंवा गव्हाच्या पानावर तांबूस ठिपके आले की शेतकरी म्हणतो, तांबेरा पडला. लोखंडावरचा तांबूस थरही तसाच लहान ठिपक्यापासून सुरू होतो आणि पसरतो. पानावर बुरशी वाढते, लोखंडात मात्र एक छोटी वीज वाहत असते.

लोखंडाच्या पृष्ठभागावर पाण्याचा थेंब बसला की थेंबाच्या कडेला हवेतला प्राणवायू सहज मिळतो, मध्यभागी कमी मिळतो. एवढ्या फरकाने त्या थेंबाखाली बॅटरीसारखी व्यवस्था तयार होते. मध्यभागातलं लोखंड विरघळू लागतं, त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन कडेकडे जातात, तिथे प्राणवायू आणि पाणी त्यांना स्वीकारतात, आणि विरघळलेल्या लोखंडाचा पुढे तांबूस गंज होतो. पाण्यात मीठ असेल तर ही वीज जास्त सहज वाहते, म्हणून समुद्राकाठी लोखंड लवकर गंजतं. दूधगंगेचं पाणी गोडं आहे, हा आपला फायदा. पण गोड्या पाण्यात गंज येतच नाही, असं समजून गाफील राहणं महागात पडतं. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की नुसत्या दमट हवेतही लोखंड गंजू लागतं, आणि आपल्या पावसाळ्यात हवा चार महिने त्याहून ओली असते.

ताडपत्रीखाली तर हवा हलतच नाही. पुरातून आलेल्या बोटीच्या सांध्यांत गाळ बसलेला असतो आणि गाळ ओल धरून ठेवतो. दिवसा ताडपत्रीखाली वाफ होते, रात्री तीच थंड लोखंडावर दव होऊन बसते. बोट शेडमध्ये स्वस्थ उभी असते, पण तिच्या ब्रॅकेटवर रोज रात्री नवे थेंब बसत असतात.

गंजाची आणखी एक खोड रंगकाम करणाऱ्याने लक्षात ठेवायला हवी. ज्या लोखंडातून गंज झाला, त्याच्या कितीतरी पट जागा तो गंज व्यापतो. म्हणून रंगाला सुईएवढं छिद्र पडलं तरी आत गेलेलं पाणी आतच गंज तयार करतं, तो गंज फुगतो आणि आजूबाजूचा चांगला रंगही खालून उचलत नेतो. वरून दिसते फक्त एक फुगी. ती नखाने उचकटली की खाली रुपयाएवढा तांबडा डाग निघतो. फुगीवरून रंगाचा नवा हात मारणं म्हणजे आतल्या ओलीला बाहेरून झाकण घालणं.

दोन धातू शेजारी आले की

ब्रॅकेट एकाच धातूचं असतं असं नाही. गावाकडे फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतलेलं ब्रॅकेट बहुधा साध्या पोलादी अँगल-प्लेटचं असतं. कंपनीच्या मशीनचा शिकंजा ॲल्युमिनियमचा ओतीव असतो. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. हे तीन धातू पाण्यात एकमेकांना टेकले की त्यांच्यातही वीज वाहते आणि त्यातला जो दुबळा, तो झिजतो.

हा धडा जगाने समुद्रावर घेतला. १७६१ मध्ये ब्रिटिश नौदलाने ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या लाकडी तळाला तांब्याचा पत्रा ठोकला, लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून ते वाचावं म्हणून. १७६३ मध्ये जहाज परतलं तेव्हा तांबं शाबूत होतं, पण पत्रा धरून ठेवणारे लोखंडी खिळे अनेक ठिकाणी गंजून गेले होते. काही खिळे मात्र चांगले राहिले होते. तांब्याचे पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, तो कागद त्या खिळ्यांपाशी चिकटून राहिला होता. तांबं आणि लोखंड यांच्यामध्ये एक कागद आला आणि खिळा वाचला.

१८२४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी हीच गोष्ट उलटी वापरली. तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडले तर ते तुकडे झिजतात आणि तांबं वाचतं, हे त्यांनी दाखवलं. आज मशीनच्या खालच्या भागाला जो पांढरट धातूचा ठोकळा लावलेला असतो, त्याचं काम हेच. स्वतः झिजून तो शेजारच्या धातूला वाचवतो. त्याला ॲनोड म्हणतात. समुद्रासाठी तो जस्ताचा चालतो. गोड्या पाण्यात जस्तावर थर बसून ते काम करेनासं होतं, म्हणून तिथे मॅग्नेशियमचा ठोकळा योग्य. मात्र तो पाण्यात बुडालेला असेल तेवढा वेळच राखण करतो. शेडमध्ये पडलेल्या बोटीला त्याचा काही उपयोग नसतो. तिथे लोखंड आणि ओल यांच्यामध्ये उभा राहतो तो फक्त रंग.

यातून कामाच्या दोन गोष्टी निघतात. बोल्ट आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये नायलॉनचा वॉशर किंवा बूश घालावा. ‘अलार्म’वरच्या तपकिरी कागदाचं काम तो करतो. आणि ॲनोडला कधीही रंग लावू नये. रंगाने झाकला की तो झिजू शकत नाही, आणि झिजला नाही तर राखणही करू शकत नाही.

रंगाचा डबा उघडण्याआधी

जुन्या पिढीने कल्हईवाला पाहिला आहे. तो भांड्याला कथील लावायचा, पण त्याचा खरा वेळ जायचा तो भांडं घासण्यात. राख-वाळूने ते लख्ख करायचं, भट्टीवर तापवायचं, नवसागर टाकून उरलेला मळ उडवायचा आणि मग कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्याने ते पसरवायचं. शेवटचं काम क्षणाचं असायचं. भांड्यावर तेलकट डाग राहिला असेल तर तिथे कल्हई धरायचीच नाही. रंगाचंही तसंच आहे. डब्यातल्या रंगाचा दर्जा कितीही चांगला असला, तरी खालचा धातू मळका असेल तर तो टिकत नाही.

सुरुवात मशीन उतरवण्यापासून करावी. दोघांनी मिळून किंवा चेनपुलीने ते उतरवावं. बोल्ट काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढावा आणि कोणता बोल्ट कुठला, याच्या खुणा कराव्यात. मशीन तसंच ठेवून भोवतीने रंगवलेलं ब्रॅकेट नेमकं तिथेच गंजतं जिथे ते बोटीला टेकतं, कारण त्या फटीत ब्रश पोचत नाही आणि पाणी पोचतं.

मग धुणं. साबणाच्या पाण्याने गाळ, ग्रीस, तेल आधी जाऊ द्यावं, मगच घासायला घ्यावं. हा क्रम उलटा झाला तर पॉलिश पेपर तेच तेल धातूच्या ओरखड्यांत घासून बसवतो, आणि मग ते निघता निघत नाही. धुऊन झालं की साधी परीक्षा करावी. स्वच्छ पाणी वरून सोडावं. पाण्याचा सलग पातळ पडदा पसरला तर धातू स्वच्छ आहे. अळूच्या पानावरच्यासारखे थेंब सुटे झाले तर अजून तेल आहे, पुन्हा धुवावं.

धातू उघडा झाला की रंगाआधी भेगा बघाव्यात. सगळ्यात जास्त ओढ बसते ती वरच्या बोल्टांच्या भोकांभोवती आणि वेल्डिंगच्या कडेला. हातोडीने हलके ठोकून आवाज ऐकावा. चांगला भाग खणखणतो, तडा गेलेला भाग बद्द वाजतो. वेल्डिंगची भेग आरपार आहे का हे बघण्याचा जुना उपाय म्हणजे एका बाजूला खडूची पूड लावायची आणि दुसऱ्या बाजूने रॉकेल फिरवायचं. रॉकेल भेगेतून पाझरून खडूवर ओला डाग उमटवतं. शिरोली, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत ओतकाम तपासायला लाल रंगाचं भेदक द्रव्य आणि वरून पांढरा फवारा वापरतात. त्याला डाय पेनिट्रंट म्हणतात. बारीक भेगा त्यात चांगल्या दिसतात. भेग सापडली तर रंगाचं काम तिथेच थांबवावं. पोलादी ब्रॅकेट जाणत्या वेल्डरकडून भरून घ्यावं. ओतीव ॲल्युमिनियमला तडा असेल किंवा प्लेट गंजून पातळ झाली असेल तर भागच बदलावा. रंगाने भेग मिटत नाही, फक्त दिसेनाशी होते.

मग गंज काढायचा. पोलादावर तारेचा ब्रश, ग्राइंडरवरची तारेची वाटी, सांध्यांत हातानेच पॉलिश पेपर. सगळ्यात उत्तम म्हणजे ब्लास्टिंग, म्हणजे दाबाखालच्या हवेने बारीक खडीचा मारा. धातू पांढुरका होतो आणि रंगाला धरायला बारीक खडबडीतपणा मिळतो. ॲल्युमिनियमवर मात्र लोखंडी तारेचा ब्रश लावू नये. त्याचे कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि नंतर तिथूनच गंजतात. तिथे स्कॉचब्राइट किंवा स्टेनलेसचा ब्रश वापरावा.

खोबणीत उरलेल्या पातळ गंजासाठी टॅनिन किंवा फॉस्फोरिक आम्ल असलेली गंजरोधक द्रावणं मिळतात. टॅनिन लावलं की तांबडा गंज निळसर काळा होतो आणि घट्ट बसतो. हे रसायन आपल्याकडे नवं नाही. राधानगरी-आजऱ्याकडच्या जंगलातला हिरडा टॅनिनने भरलेला असतो, आणि हिरडा व हिराकस म्हणजे लोहाचा क्षार, या जोडीतून जुने लोक काळा रंग करत. मात्र हे द्रावण पातळ, चिकटून राहिलेल्या गंजावरच वापरावं. सुटी खपली आधी निघालीच पाहिजे.

शेंदूर, गेरू आणि प्रायमर

पोलादावरच्या पहिल्या थराचा इतिहास आपल्या देवघरापर्यंत येतो. मारुतीला, म्हसोबाला लावतो तो शेंदूर म्हणजे शिशाचा तांबडा ऑक्साईड. हाच शेंदूर जवसाच्या तेलात कालवून जगभरच्या पुलांना आणि जहाजांना शंभरावर वर्षं अस्तर म्हणून लावला गेला. तेलातल्या आम्लांशी त्याचा संयोग होऊन जे संयुग बनतं, ते गंजाची क्रियाच मंदावतं. पण शिसं शरीरात साठतं आणि मुलांच्या मेंदूला इजा करतं. भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या आत ठेवणं बंधनकारक झालं. जुन्या बोटीवर किंवा जुन्या कठड्यावर भगवट तांबडा थर आढळला तर तो सुका घासू नये. पाणी लावून घासावा, तोंडाला चांगला मास्क बांधावा आणि खाली ताडपत्री पसरून भुकटी गोळा करावी. ती भुकटी नदीत जाऊ देऊ नये.

आज दुकानात ‘रेड ऑक्साईड’ मागितल्यावर मिळतं ते वेगळं. त्यातला रंग लोहाच्या ऑक्साईडचा असतो, अंगण रंगवायच्या गेरूच्या जातीचा. तो पूर्ण गंजून चुकलेला असतो, त्यामुळे त्यात आणखी काही घडत नाही. तो फक्त अडसर होऊन बसतो. शेंदरासारखी गंजाशी झुंज देत नाही. खिडकीच्या ग्रीलला तो चालतो. पुरात ठोकर खाणाऱ्या ब्रॅकेटला इपॉक्सी प्रायमर द्यावा. पोलाद ब्लास्ट केलेलं असेल तर जस्ताची भुकटी असलेला. जस्त स्वतः झिजून पोलाद राखतं, म्हणजे ॲनोडचंच काम रंगाच्या थरातून होतं.

ब्रॅकेट जस्ताचा मुलामा दिलेलं असेल तर आणखी सावध व्हावं. घरावरच्या नव्या जस्ती पत्र्याला लावलेला ऑइल पेंट वर्ष-दोन वर्षांत सोलून पडतो, हे अनेकांनी पाहिलं आहे. रंगवणाऱ्याचा हात त्याला जबाबदार नसतो. तेलाच्या रंगातली आम्लं जस्ताशी मिसळून रंगाखाली साबणासारखा थर करतात आणि रंगाची पकड सुटते. जस्तावर त्याच्यासाठीचाच प्रायमर लावावा.

ॲल्युमिनियमची गोष्ट निराळी. घासलं की क्षणात त्याच्यावर हवेतल्या प्राणवायूमुळे ऑक्साईडचा अतिशय पातळ, पारदर्शक थर बसतो. तोच त्याचं कवच, आणि तोच रंगाला धरू देत नाही. म्हणून घासून झाल्यावर त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासात, एचिंग प्रायमर किंवा ॲल्युमिनियमला चालणारा इपॉक्सी प्रायमर लावावा. शिशाचं किंवा तांब्याचं अस्तर ॲल्युमिनियमवर कधीच लावू नये. तिथे ‘अलार्म’ जहाजाचीच गत होते.

वळिवाच्या आधी, दव उतरल्यावर

रंगाच्या डब्यावर लिहिलेलं असतं, कोरड्या हवेत लावा. बिद्रीच्या हवेत याचा अर्थ लावायचा तर एप्रिल आणि मे. पण मे महिन्याचेही दोन धोके आहेत. दुपारच्या उन्हात पोलाद हाताला चटका देण्याइतकं तापतं. त्यावर रंग टेकताच थिनर उडून जातो, रंग नीट पसरत नाही आणि बारीक छिद्रं राहतात. संध्याकाळी वळीव येतो. ढग भरून आले की हवा एकदम दमट होते आणि ओल्या इपॉक्सीवर पांढुरका, चिकट थर येतो. म्हणून सकाळी दव पूर्ण वाळल्यावर, सावलीत काम सुरू करावं आणि ऊन तापायच्या आत हात पूर्ण करावा. रंगकामातला पक्का नियम असा की धातूचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअसने वर असावं आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत असावी. यंत्र नसेल तर पुसलेल्या धातूवर हात फिरवून बघावा. ओल वाटली तर थांबावं.

प्रायमर, मधला थर आणि वरचा थर मिळून वाळल्यावर १५० ते २०० मायक्रॉन जाडी असावी, म्हणजे साधारण दोन-तीन केसांएवढी. ती एका दमात गाठायला जाऊ नये. जाड लावलेला रंग वरून वाळतो, आतून कच्चा राहतो आणि ओघळतो. पातळ हात, वाळू देणं, मग दुसरा हात. किती वेळाने दुसरा हात मारायचा, हे डब्यावर दिलेलं असतं. फार उशीर झाला तर आधीचा थर हलका घासून घ्यावा, नाहीतर नवा थर जुन्याला धरत नाही.

कडा आणि कोपरे यांना सगळ्यात आधी ब्रश लावावा. ओला रंग धारदार कडेवरून दोन्ही बाजूंना ओढला जातो आणि कडेवर थर सगळ्यात पातळ राहतो. गंज तिथूनच सुरू होतो. म्हणून कानस फिरवून कडा जराशा गोल कराव्यात, आणि कडा, वेल्डिंग, बोल्टांची भोकं यांना आधी एक वेगळा हात द्यावा. भोकांच्या आतली भिंतही विसरू नये. ती वरून दिसत नाही, पण पाणी तिथेच मुरतं.

दोन डब्यांचा रंग मोजूनच मिसळावा. हार्डनर जास्त टाकला तर रंग लवकर वाळून पक्का होईल, हा समज चुकीचा आहे. प्रमाण बिघडलं तर तो ठिसूळ होतो किंवा मऊच राहतो. इपॉक्सी उन्हात भुकटते, म्हणून वरचा थर पॉलियुरेथेनचा द्यावा. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि त्याचा फवारा फुप्फुसाला दम्यासारखा त्रास देतो. ब्रशने, मोकळ्या हवेत लावावा. फवारा मारायचाच असेल तर साधा रुमाल पुरत नाही, योग्य गाळणीचा मास्क हवा.

कोल्हापूरच्या औद्योगिक पट्ट्यात पावडर कोटिंगची सोय आहे. विजेच्या भाराने पावडर धातूला चिकटते आणि भट्टीत साधारण १८० ते २०० अंशांना वितळून सलग कातडीसारखी बसते. दिसायला ती सुंदर आणि घासाला चिवट असते. पण दगड लागून एकदा टवका गेला की त्या कातडीखालून पाणी लांबवर पसरतं आणि घरच्या घरी दुरुस्ती जमत नाही. जी वस्तू ठोकर खाणारच आहे, तिच्यावर ब्रशने ठिगळ लावता येणारा रंग मला जास्त भरवशाचा वाटतो.

रंग कोणता? फिकट पिवळा किंवा नारिंगी. काळ्या रंगावर गंज लपतो. फिकट रंगावर गंजाचा पहिला तांबूस ओघळ आणि भेगेची पहिली काळी रेघ लांबून दिसते. पुराच्या रात्री टॉर्चच्या उजेडात बोल्ट शोधतानाही हाच रंग मदत करतो.

पूर ओसरल्यानंतरचे दोन तास

रंग पूर्ण कडक व्हायला साधारण आठवडा द्यावा, मगच मशीन चढवावं. बोल्टच्या डोक्याखाली वॉशर असावा, आट्यांना ग्रीस असावं. बोल्ट आवळताना रंगाचा टवका गेला तर तिथे लगेच ब्रशने ठिपका द्यावा. पहिल्या फेरीनंतर पुन्हा एकदा बोल्ट आवळावेत, कारण नवा रंग दाबाने किंचित बसतो आणि बोल्ट थोडा सैल होतो.

पण ब्रॅकेटचं पुढचं वर्ष ठरतं ते पूर ओसरल्यानंतरच्या दोन तासांत. त्या वेळी माणसं दमलेली असतात. घरांत चिखल असतो, जनावरांच्या चाऱ्याची चिंता असते, बोट धुवायचं कुणाला सुचत नाही, आणि त्यात नवल काही नाही. तरीही स्वच्छ पाण्याने ब्रॅकेट धुवावं, सांध्यांतला गाळ काढावा, बोट कलती ठेवून पाणी निथळू द्यावं आणि ताडपत्री चारी बाजूंनी घट्ट बांधण्याऐवजी खालून हवा खेळेल अशी टाकावी. हंगाम संपल्यावर काहील पालथी घालतात ती याचसाठी, तिच्यात पाणी साचून राहू नये म्हणून. ब्रॅकेटलाही तेवढीच निगा हवी. मग दर दोन महिन्यांनी एकदा ताडपत्री उचलून बघावं. फुगी दिसली तर ती उचकटून, घासून त्या तेवढ्या जागी प्रायमर आणि रंग द्यावा. वेळीच केलेलं हे काम अर्ध्या तासाचं असतं, टाळलं तर पुढच्या मे महिन्यात तेच तीन दिवसांचं होतं.

या सगळ्याला खर्च किती येतो? प्रायमरचा डबा, रंगाचा डबा, पॉलिश पेपर, थिनर आणि दोन माणसांची तीन सकाळची मेहनत. ज्या गावात दरवर्षी ट्रॉल्या रंगतात, कारखान्याचे कठडे रंगतात, तिथे एवढं अवघड नाही. हे काम कुणाच्या तरी नावावर लावून द्यायला हवं. ग्रामपंचायतीने, तरुण मंडळाने, बचाव पथकाने मे महिन्यातल्या तीन सकाळी या कामासाठी ठरवून ठेवाव्यात आणि ब्रॅकेटवर रंगाची तारीख लिहावी, म्हणजे पुढच्या वर्षी हे काम कुणाच्या आठवणीवर सोडावं लागणार नाही.

कल्हईवाल्याच्या भांड्यात आमटी कळकत नसे, आणि ताटावर बसलेल्याला त्याच्या घासण्याचा विचारही येत नसे. ब्रॅकेटचंही तेच. ज्या रात्री पाणी उंबऱ्याला लागेल, त्या रात्री बोटीत चढणाऱ्या आजीला, कडेवरच्या पोराला, पाण्यात भिजलेल्या रेशनकार्डाची पिशवी छातीशी धरलेल्या माणसाला ब्रॅकेट नावाची वस्तू असते हेही ठाऊक नसेल. मशीन सुरू होईल, बोट ओढीला तोंड देऊन पलीकडच्या चढावर लागेल, आणि ती माणसं मागे न बघता उतरतील. मे महिन्यातल्या तीन सकाळी ज्यांनी त्या लोखंडावर घालवल्या, त्यांना तेवढं पुरे आहे.